१३ सामने जिंकूनही संघ बाहेर का? अमेरिकी कॉलेज सॉकरच्या राष्ट्रीय स्पर्धेचं गणित

एका पालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा अमेरिकेत शिकतो. त्याच्या विद्यापीठाच्या पुरुष सॉकर संघाने १८ पैकी १३ सामने जिंकले, ५ गमावले, तरी एनसीएए (कॉलेज खेळांची अमेरिकी संघटना) डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जागा मिळाली नाही. १० जिंकून ७ हरलेला दुसरा एक संघ मात्र आत आहे. हे कसं? निवड झाल्यावर पुढे स्पर्धा चालते कशी? आणि धाकटा मुलगा पुण्यात बारावीला आहे, चांगला खेळतो, त्याला पुढे तिथे खेळायचं असेल तर आत्तापासून काय सांभाळावं?

आधी पहिल्याचं उत्तर. त्या संघाचं भवितव्य नोव्हेंबरात निवड समिती बसली तेव्हा ठरलं नाही. हंगामाचं वेळापत्रक छापलं गेलं तेव्हाच ते बरंचसं ठरलं होतं. या स्पर्धेत किती सामने जिंकलात यापेक्षा कोणाशी खेळलात याला तिप्पट वजन आहे. तिप्पट हे बोलण्याच्या ओघात म्हटलेलं नाही, सूत्रातच तसं आहे.

ते सूत्र म्हणजे आरपीआय (रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स). त्याचे तीन भाग. तुमची स्वतःची जिंकण्याची टक्केवारी, वजन २५ टक्के. तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी (त्यातून तुमच्याविरुद्धचे सामने वगळून), वजन ५० टक्के. आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी, वजन पुन्हा २५. बरोबरीला किती गुण, बाहेरच्या विजयाला किती झुकतं माप, हे बारकावे वर्षागणिक बदलतात, सांगाडा हाच.

आता तुमचा संघ घेऊ. १३ विजय, ५ पराभव, म्हणजे ०.७२२. समजा, आजूबाजूच्या दुबळ्या संघांशी बरेच सामने ठेवल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.४४० आहे आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची ०.४८०. हिशेब होतो ०.१८०५ अधिक ०.२२० अधिक ०.१२०, म्हणजे ०.५२०५. दुसरा संघ १० विजय, ७ पराभव, ०.५८८. पण तो तगड्या कॉन्फरन्समध्ये (आपसांत लीग खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) खेळतो, प्रतिस्पर्धी ०.५९०, त्यांचे प्रतिस्पर्धी ०.५४०. त्याची बेरीज ०.१४७ अधिक ०.२९५ अधिक ०.१३५, म्हणजे ०.५७७. हा फरक किती मोठा आहे ते असं पाहा: तुमचा संघ त्याच वेळापत्रकावर १८ पैकी १८ सामने जिंकला असता, तरी बेरीज ०.५९० झाली असती. अख्खा हंगाम अजिंक्य राहूनही सात सामने हरलेल्या संघाच्या जेमतेम पुढे.

याहून खटकणारी गोष्ट म्हणजे जिंकून आरपीआय खाली जाऊ शकतो. वरच्याच संघाने एकोणिसावा सामना ०.२०० टक्केवारीच्या संघाशी ठेवला आणि तो सहज जिंकला असं धरू. स्वतःची टक्केवारी वाढून ०.७३७ होते, पण प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.४४० वरून ०.४२७ वर येते. नवी बेरीज ०.५१८. पाच-शून्य जिंकले आणि घसरले. म्हणून जाणते प्रशिक्षक घरच्या मैदानावरचा सोपा विजय टाळतात आणि वरच्या पंचवीसातल्या संघाच्या मैदानावर जाऊन एक-शून्य हरायची जोखीम घेतात. प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांना ते वेडेपणाचं वाटतं, पण तोच हिशेब नोव्हेंबरात उपयोगी पडतो.

समिती फक्त हा आकडा पाहून कुलूप लावत नाही. आमनेसामनेचे निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, वरच्या फळीतल्या संघांवर मिळवलेले विजय आणि तळाच्या संघांकडून खाल्लेला मार हेही समोर ठेवलं जातं. पण चर्चेच्या टेबलावर पोहोचायचंच आरपीआयच्या जोरावर. त्या क्रमवारीत पन्नासाव्या क्रमांकाच्या पलीकडे असलेल्या संघाला बाकी मुद्दे मांडायची संधी क्वचितच मिळते.

आणखी एक कारण निव्वळ जागांचं. स्पर्धेत ४८ संघ. २००१ पासून हाच आकडा आहे, अपवाद कोविडमुळे पुढे ढकललेल्या २०२० च्या स्पर्धेचा. ती २०२१ च्या वसंतात ३६ संघांत झाली. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे दोनशेहून अधिक संघ आहेत. ४८ पैकी साधारण निम्म्या जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट जातात, मग त्यांचा आरपीआय कितीही असो. उरलेल्या समिती भरते. आता कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात एखाद्या सहाव्या क्रमांकाच्या संघाने बलाढ्य संघाला हरवलं की काय होतं? विजेता थेट जागा घेतो, हरलेला बलाढ्य संघ समितीच्या कोट्यातून येतोच, आणि काठावर बसलेल्या कोणाचा तरी हातातोंडाशी आलेला घास जातो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काठावरचे संघ शेकडो मैल दूर चाललेले परक्यांचे सामने जीव मुठीत धरून पाहत असतात ते याचसाठी. तुमच्या मुलाच्या संघाला यावरचा एकच पक्का इलाज होता: आपली कॉन्फरन्स जिंकणं.

आता स्पर्धा. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सोमवारी ब्रॅकेट (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) जाहीर होतं. १६ संघांना मानांकन मिळतं आणि पहिली फेरी माफ होते. उरलेले ३२ त्याच आठवड्याच्या गुरुवारी खेळतात, जिंकलेले १६ रविवारी मानांकितांच्या घरी जातात. २०२४ चं वेळापत्रक घ्या: १८ नोव्हेंबरला निवड, २१ ला पहिली फेरी, २४ ला दुसरी, मग थँक्सगिव्हिंगच्या शनिवार-रविवारी तिसरी, पुढच्या आठवड्याअखेरीस उपांत्यपूर्व, आणि १३ व १६ डिसेंबरला उपांत्य व अंतिम. शेवटच्या चार संघांच्या या टप्प्याला कॉलेज कप म्हणतात. तो आधीच ठरलेल्या त्रयस्थ मैदानावर होतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावाचं वेकमेड सॉकर पार्क हे त्याचं नेहमीचं ठिकाण झालं आहे. त्याआधीच्या चारही फेऱ्या विद्यापीठांच्या आवारात.

मानांकनाचं खरं मोल इथे कळतं. बिगरमानांकित संघाला चषकासाठी सहा सामने जिंकावे लागतात, मानांकिताला पाच. पण एक सामना कमी हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग म्हणजे ते तीन दिवस. गुरुवारी रात्री ९० मिनिटं, जादा वेळ झाला तर ११०, खेळायचं. शुक्रवारी बस किंवा विमान. शनिवारी परक्या मैदानावर तासभर हलका सराव. रविवारी अशा संघाशी गाठ, जो आठवडाभर घरच्या अंथरुणात झोपून तुमच्या चित्रफिती पाहत बसला आहे. मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू एवढ्या वेळात पूर्ववत होत नाहीत. साठाव्या मिनिटानंतर मधली फळी उशिरा मागे येऊ लागते आणि बचावफळीसमोर पंधरा-वीस यार्डांचं रान मोकळं पडतं. दुसऱ्या फेरीत बिगरमानांकित संघ कोसळतो तो बहुतेक वेळा इथे.

वरचं मानांकन असलेला संघ पुढच्या फेऱ्याही घरी खेळतो, आणि घर म्हणजे केवळ प्रेक्षक नाहीत. नियमानुसार मैदान ११५ ते १२० यार्ड लांब आणि ७० ते ८० यार्ड रुंद असू शकतं. सत्तर यार्डांचं मैदान आणि लांब थ्रो-इन टाकणारा एक खेळाडू हाताशी असला की दर थ्रो-इन कॉर्नरसारखा होतो. कुठे गवत, कुठे कृत्रिम टर्फ. रोज गवतावर खेळणारा संघ ओल्या टर्फवर गेला की पहिली वीस मिनिटं पास पुढे निसटत राहतात, कारण चेंडू तिथे घसरत वेगाने जातो. असा प्रवास नशिबी आला तर सोमवारी ब्रॅकेट पाहताच सराव टर्फवर हलवावा, बूट बदलावेत. लांब खिळ्यांचे बूट टर्फवर गुडघ्याला घातक. उत्तरेकडे डिसेंबर म्हणजे गोठणबिंदूच्या आसपास, तेव्हा बदली खेळाडूंनी बसून न राहता दर दहा मिनिटांनी धावत राहायचं, नाहीतर आत जाताच स्नायू धरतो. आणि हे सगळं सत्र-परीक्षेच्या दिवसांत. कॉलेज कपपर्यंत पोहोचलेले खेळाडू हॉटेलच्या खोलीत पर्यवेक्षकासमोर पेपर लिहितात. ज्या संघाने प्राध्यापकांशी वेळेवर पत्रव्यवहार केलेला नसतो, तिथे ऐन उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री गोंधळ उडतो.

मैदानावरचे काही नियम आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा वेगळे आहेत आणि सामना तिथेच फिरतो. घड्याळ ४५:०० वरून उलटं शून्याकडे जातं, फलकावर सर्वांना दिसतं आणि तेच अधिकृत. गोल, कार्ड, पेनल्टी, दुखापत अशा वेळी पंच ते थांबवतो, त्यामुळे शेवटी जादा मिनिटं जोडणं नाही. शेवटचे दहा सेकंद ध्वनिक्षेपकावरून मोजले जातात. भोंगा वाजायच्या आत चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला तरच गोल. हवेत असला तर नाही. म्हणून चार सेकंद उरले असताना कॉर्नर मिळाला की तो आखून-रेखून घेण्यात अर्थ नसतो, चेंडू ठेवायचा आणि पहिल्या खांबावर मारायचा.

दुसरा नियम बदलीचा. पहिल्या सत्रात बाहेर आलेला खेळाडू त्या सत्रात परत जाऊ शकत नाही; दुसऱ्या सत्रात एकदा परत जाऊ शकतो. त्यामुळे कॉलेजचे प्रशिक्षक आघाडीची फळी लाटांसारखी वापरतात. पहिले तिघे अर्धा तास जीव तोडून दाब टाकतात, मग ताजे तिघे. इथे होणारी चूक ठरलेली आहे: मुख्य आघाडीवीराला साठाव्या मिनिटाला बाहेर काढायचं, संघ जरा डळमळला की घाबरून पासष्टाव्या मिनिटाला परत पाठवायचं. त्याची एकमेव परती संपली. पंच्याऐंशीव्या मिनिटाला तो दमला की एक तर दमलेला खेळतो, नाहीतर त्या सत्रापुरता बाहेर. ती परती निदान पंचाहत्तराव्या मिनिटापर्यंत खिशात ठेवावी.

बरोबरीचं पुढे काय करायचं, यावर या स्पर्धेने साठ वर्षं घालवली आहेत. १९५९ साली पहिली स्पर्धा कनेक्टिकटमधल्या स्टॉर्सला झाली, आठ संघांची. सेंट लुईसने ब्रिजपोर्टला ५-२ हरवलं. १९६७ चा अंतिम सामना खराब हवेमुळे ०-० वर थांबवून सेंट लुईस आणि मिशिगन स्टेटला संयुक्त विजेते ठरवलं. १९६८ मध्ये मेरीलँड आणि मिशिगन स्टेट २-२, पुन्हा संयुक्त. १९८५ मध्ये यूसीएलए आणि अमेरिकन युनिव्हर्सिटी आठ जादा डाव खेळले, सुमारे १६६ मिनिटं, तेव्हा कुठे १-० झालं. १९८९ मध्ये व्हर्जिनिया आणि सांता क्लारा थंडीत चार जादा डाव खेळून १-१ वरच राहिले, तेही संयुक्त. आता दहा-दहा मिनिटांचे दोन डाव आणि मग पेनल्टी. पेनल्टीवर सुटलेला सामना नोंदवहीत मात्र बरोबरीतच धरला जातो, पुढे जाणारा संघ फक्त पुढे जातो. २०१६ चं विजेतेपद स्टॅनफोर्डने, २०१९ चं जॉर्जटाउनने आणि २०२२ चं सिराक्यूजने असंच मिळवलं. शेवटच्या दोन्ही वेळा पेनल्टींचा निकाल ७-६.

२०२२ पासून नियमित हंगामात जादा वेळच नाही, नव्वद मिनिटांनंतर बरोबरी. याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही: खेळाडूंना जादा वेळेची सवय राहिलेली नाही. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत तीन-चार सामने तरी त्यात जायचे. आता ती पहिली ओळख थेट बाद फेरीत होते. तेव्हा सरावात आठवड्यातून एकदा दमलेल्या पायांनी दहा मिनिटांचा डाव आणि लगेच पेनल्टी, हे ऑक्टोबरपासूनच घ्यायला हवं. ताज्या पायांनी मारलेल्या पेनल्टींचा सराव जवळपास निरुपयोगी.

२०२४ ची स्पर्धा या सगळ्याचा उत्तम नमुना आहे. व्हरमाँट हा छोट्या राज्यातला, मानांकन नसलेला संघ. सहा सामने. उपांत्य फेरीत डेन्व्हरशी बरोबरी आणि पेनल्टीवर सुटका. अंतिम सामन्यात मार्शलने आघाडी घेतली, व्हरमाँटने ८१ व्या मिनिटाला बरोबरी साधली. जादा वेळेच्या पाचव्या मिनिटाला मागून लांब चेंडू आला, मॅक्सिमिलियन किसेल शेवटच्या बचावपटूला मागे टाकून मोकळा सुटला, पुढे सरसावलेल्या गोलरक्षकाला वळसा घातला आणि रिकाम्या जाळीत चेंडू सरकवला. जादा वेळेतला पहिला गोल निर्णायक असल्याने सामना तिथेच संपला. दमलेल्या बचावफळीने रेषा इतकी वर ठेवायला नको होती. पण ९५ व्या मिनिटाला पाय मागे यायला तयार नसतात, आणि किसेलचे पाय अजून धावत होते.

व्हरमाँट, मार्शल अशी नावं पाहून आपल्याकडे अनेकांना प्रश्न पडतो की टेक्सस, अलाबामा अशी बलाढ्य क्रीडा विद्यापीठं कुठे आहेत? त्यांच्याकडे डिव्हिजन वनचा पुरुष सॉकर संघच नाही. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने पुरुष आणि महिलांना समान संधी देणं बंधनकारक केलं. अमेरिकन फुटबॉलचा एक संघच शंभरावर पुरुष खेळाडू सामावतो. तोल साधताना पुरुषांच्या इतर खेळांवर कुऱ्हाड आली. महिला सॉकरचे संघ म्हणूनच पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. एसईसी या दक्षिणेतल्या बलाढ्य कॉन्फरन्समधली केंटकी आणि साउथ कॅरोलायना ही दोनच विद्यापीठं पुरुष सॉकर खेळतात, तीही मार्शलसोबत सन बेल्ट या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये. तिथे जागेसाठी स्पर्धा करणाऱ्या मुलाने हे ध्यानात ठेवावं: नावाजलेलं विद्यापीठ आणि चांगला सॉकर कार्यक्रम या दोन निराळ्या याद्या आहेत. इंडियानाची आठ विजेतेपदं, व्हर्जिनियाची सात, सेंट लुईसची दहा. सेंट लुईसची सगळी १९७३ पर्यंतची, हेही पाहून घ्या.

आता धाकट्याचं. परदेशी खेळाडूंना या स्पर्धेत भरपूर वाव आहे, पण पात्रतेच्या कागदांची किंमत संघाला किती मोठी मोजावी लागते त्याची दोन उदाहरणं स्पर्धेच्या इतिहासात आहेत. हॉवर्ड विद्यापीठाने १९७१ मध्ये आफ्रिका आणि कॅरिबियनमधून आलेल्या खेळाडूंच्या बळावर विजेतेपद जिंकलं. पात्रतेच्या वादात ते काढून घेतलं गेलं. (१९७४ मध्ये त्यांनी एकही सामना न गमावता ते पुन्हा जिंकलं.) सॅन फ्रान्सिस्कोचं १९७८ चं विजेतेपदही असंच रद्द झालं.

डिव्हिजन वनसाठी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरकडे नोंदणी करावी लागते. नववी ते बारावीतले १६ मूळ शैक्षणिक विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ ची सरासरी लागते. एसएटी आणि एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली; विद्यापीठ स्वतः मागू शकतं. नववीची गुणपत्रिका आपल्याकडे कोणी जपून ठेवत नाही, आणि नेमकी तीच लागते. शाळेतून आजच शिक्का मारून इंग्रजी प्रत घ्या.

मराठी घरांत सर्वांत मोठी गोची होते ती ड्रॉपच्या वर्षात. बारावीनंतर जेईई किंवा नीटसाठी वर्ष घेतलं, अभ्यासासोबत जिल्हा लीगमध्ये क्लबकडून खेळत राहिला, मग दुसरं वर्षही तसंच गेलं. सॉकरसाठी शालेय शिक्षण संपल्यावर प्रवेशाला साधारण एक वर्षाची सवलत धरली जाते. त्यानंतर संघटित स्पर्धांत खेळलेलं प्रत्येक वर्ष त्याच्या कॉलेजच्या हंगामांतून वजा होऊ शकतं. हे नियम सध्या वेगाने बदलत आहेत, तेव्हा नोंदणीच्या वर्षीचाच मजकूर वाचा. एक मात्र कायम: कुठल्या क्लबकडून, कुठल्या तारखेला, कुठल्या स्पर्धेत खेळला आणि किती पैसे मिळाले, याची वही आजपासून ठेवा. प्रवासखर्च आणि बूट वेगळे, मानधन वेगळं. व्यावसायिक करारावर सही करण्याआधी तर दहादा विचार करा.

शिष्यवृत्तीबाबत जुनी माहिती अजून फिरते आहे. पूर्वी पुरुष संघाला एकूण ९.९ शिष्यवृत्त्या असत आणि त्या वीस-पंचवीस जणांत वाटल्या जात, म्हणून पूर्ण शिष्यवृत्ती विरळा. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू अशी मर्यादा आली. पैसे द्यायला मोकळीक, पण जागा कमी. म्हणून प्रशिक्षकाला दोन प्रश्न लेखी विचारा: तुमचं विद्यापीठ या व्यवस्थेत आहे का, आणि माझ्या जागेवर खेळणारे किती जण पुढच्या वर्षी शिल्लक राहणार आहेत? दुसऱ्याचं उत्तर आकड्यात मिळालं नाही तर दुसरा कार्यक्रम बघा. आणि एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असताना जाहिराती किंवा नाव-छबीच्या मोबदल्याचे पैसे अमेरिकी सहकाऱ्यांसारखे सर्रास घेता येत नाहीत. अमेरिकेत काम करून मिळवलेली कमाई ठरली तर प्रश्न खेळाचा न राहता व्हिसाचा होतो. असा कुठलाही कागद पुढे आला की सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं उत्तर ईमेलवर घ्या.